आठाचे पाच कसे झाले?

एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा सारांश : वय चाळिशीच्या अलीकडे. गेली सहा वर्षं त्या ऐकलेल्या प्रत्येक अल्बमबद्दल वहीत चार ओळी लिहितात आणि दहापैकी गुण देतात. ऐकणं मुख्यतः तीन प्रकारचं : इंडी (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेरचं म्हणून ओळखलं जाणारं), पॉप आणि कंट्री (अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेलं, लोकसंगीताच्या अंगाचं). आधी ही वही कोणी पाहत नव्हतं. मग संगीत ऐकणाऱ्या पाच-सहा जणांची मैत्री जमली आणि मतं एकमेकांना वाचून दाखवली जाऊ लागली. मंडळींचा ओढा इंडीकडे. एका पॉप अल्बमला या बाईंनी नऊ दिले तेव्हा हशा पिकला. कंट्री अल्बमचं कौतुक केलं तर 'हे रडगाणं तुला सहन कसं होतं?' असं विचारलं गेलं. हळूहळू त्या मनात एक आकडा धरायच्या आणि मंडळींचा अंदाज घेऊन वहीत दुसराच लिहायच्या. मग एकदा 'आता खरं ते बोलायचंच' असं ठरवून त्यांनी जवळच्या मैत्रिणीच्या जीव की प्राण असलेल्या इंडी अल्बमला चार गुण दिले. मैत्रिणीने महिनाभर बोलणं टाकलं. त्या विचारतात : माझी आवड हलकी आहे का? प्रामाणिक मत एवढं महागात का पडतं? आणि मला मुळात काय आवडतं हे आता माझं मलाच कळेनासं झालंय, तर वही बंद करू का? सोबत वहीतल्या तीन नोंदी त्यांनी उतरवून पाठवल्या आहेत.

*

तुमच्या पत्रातल्या प्रश्नांपेक्षा त्या तीन नोंदींनी मला जास्त सांगितलं, म्हणून आधी त्यांच्याकडे वळते. (अल्बमची नावं मी गाळली आहेत. छापली असती तर निम्मे वाचक तुमचा प्रश्न सोडून अल्बमवरच भांडत बसले असते.)

इंडी अल्बमची नोंद अशी : 'गुंतागुंतीची रचना. ऐकणाऱ्याची परीक्षा पाहणारा, तडजोड न करणारा आवाज. ८.५.' पॉपची : 'उथळ, पण चालेल. ६.' आणि कंट्रीची : 'शब्द बाळबोध. ५.' या पाचाच्या शेजारी खोडलेला आठ आहे, हे तुम्ही स्वतःच कळवलंत.

आता पत्रात ओघाओघात काय लिहून गेलात ते पाहा. तो इंडी अल्बम तुम्ही 'दीड वेळा' ऐकलाय. पॉपचा अल्बम 'महिनाभर रोज' चालू होता, आणि सातव्या गाण्यात ड्रम्स थांबून नुसता श्वास ऐकू येतो त्या जागी हातातलं काम दर वेळी थांबतं. कंट्री अल्बममधली ती बाई घराची किल्ली टेबलावर ठेवते आणि नेमकं त्याच वेळी फिडल (कंट्रीतलं व्हायोलिन) गप्प होतं, यावर तुम्ही पाच ओळी लिहिल्यात. पत्रात लिहिल्यात. वहीत त्याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणजे ऐकणारी बाई पत्रात आहे आणि वहीत तिच्या जागी कोणी भलतीच बसली आहे. इंडीची ती नोंद नाव झाकून आणखी शंभर अल्बमना चिकटवली तरी कुठेही सैल पडणार नाही. तिच्यात ऐकल्याचा पुरावाच नाही. 'तडजोड न करणारा' म्हणजे कोणाशी, कोणत्या बाबतीत? हे शब्द तुमचे नाहीत, असं म्हणण्याचं धाडस करते. रिव्ह्यू वाचून वाचून ते आपल्या तोंडात येऊन बसतात. माझ्याही बसले होते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना घसा ओला होतो, पण पाण्याची चव काय होती हे नंतर सांगता येत नाही.

तेव्हा 'मला काय आवडतं तेच कळेनासं झालंय' हे मला पटत नाही. कळतंय की! श्वासाची जागा कळते, फिडल कुठे थांबलं ते कळतं. सुटलं आहे ते एवढंच, की ते वहीत लिहिण्याची हिंमत होत नाही. वहीत तुम्ही अल्बमबद्दल लिहायचं थांबलात आणि 'मी कशी श्रोता दिसेन' याबद्दल लिहू लागलात.

आता 'हलक्या आवडी'कडे. या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत आहे : इंडी वरच्या पायरीवर, पॉप खालच्या आणि कंट्री बहुधा जिन्याखाली. ही उतरंड कोणी रचली, हे जरा पाहू या. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

इंडी हा शब्द मुळात सुरावटीबद्दल नव्हताच. तो कोणत्या वाटेने माल बाजारात आला याबद्दल होता. ब्रिटनमध्ये १९८० साली इंडी चार्ट, म्हणजे अशा रेकॉर्डच्या खपाची क्रमवारी, सुरू झाला, आणि त्यात शिरायला मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून रेकॉर्ड विकली जाणं पुरेसं होतं. परिणामी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काइली मिनोग त्या चार्टवर झळकली. तिचं लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) स्वतंत्र वितरणातून चालायचं ना! जिच्या गाण्यांना आज कोणीही डोळे झाकून पॉप म्हणेल ती नियमाप्रमाणे इंडी होती. उलट बाजूही तितकीच गमतीची. टेलर स्विफ्टचा '१९८९' हा अल्बम २०१४ साली आला, तेव्हा वितरण युनिव्हर्सल या बड्या कंपनीचं असलं तरी तिचं बिग मशीन हे नॅशव्हिलचं (म्हणजे कंट्रीच्या माहेरघरातलं) लेबल स्वतंत्र होतं. आणि इंडी रसिक ज्याची शपथ घेतात तो विल्को बँड वॉर्नर या बड्या कंपनीच्या छत्राखालच्या एका लेबलकडे होता. त्या लेबलने २००१ साली त्यांचा 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' नाकारला, बँडने तो आपल्या संकेतस्थळावर ऐकायला ठेवला, आणि २००२ मध्ये दुसऱ्या लेबलने तो प्रकाशित केला. ते दुसरं लेबलही वॉर्नरचंच. एकाच मालकाने एकच अल्बम आधी दाराबाहेर काढला आणि मग खिडकीतून आत घेतला. इंडी म्हणजे बाजाराशी तडजोड नाही, असं तुमचे मित्र म्हणतील तेव्हा ही गोष्ट जरूर सांगा.

कंट्रीची कहाणी यापेक्षा कडू आहे. १९२० च्या दशकात अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत दोन याद्यांत वाटलं : काळ्या कलाकारांचं 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांचं 'हिलबिली'. वाजवणारे एकमेकांची गाणी उचलत होते, बँजो आफ्रिकेतून आलेल्या वाद्यांचा वंशज होता, पण कॅटलॉगात भिंत उभी राहिली. 'हिलबिली' म्हणजे साधारण 'डोंगरातला अडाणी'. बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाने १९४९ मध्ये चार्टचं नाव 'कंट्री अँड वेस्टर्न' केलं, पण अडाणीपणाचा तो वास शब्दाला चिकटूनच राहिला. रे चार्ल्स या काळ्या गायकाने १९६२ साली कंट्रीची गाणी आपल्या ढंगात गाऊन अख्खा अल्बम केला, तो अमेरिकी अल्बम चार्टवर पहिला आला, तरी भिंत पडली नाही. बियॉन्से या काळ्या गायिकेच्या 'काउबॉय कार्टर'ला २०२४ साली नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांत एकही नामांकन मिळालं नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्याच अल्बमला ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचाही पुरस्कार मिळाला. तो अल्बम आवडावा की न आवडावा हा मुद्दाच वेगळा. कंट्री कशाला म्हणायचं यावर त्या घरातच शंभर वर्षं एकमत नाही, आणि तुमच्या मंडळींनी एका वाक्यात त्याचं 'रडगाणं' करून टाकलं.

आता पॉप. त्या हशाबद्दल एक किस्सा सांगते, कारण तो तुमच्या वहीशी फार जुळतो. पिचफर्क हे संगीत समीक्षेचं संकेतस्थळ इंडी मंडळींचा जणू धर्मपीठ होतं, आणि ० ते १० असे दशांशासकट गुण देण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. (तुमचा ८.५ कुठून आला असावा, याची मला शंका आहे.) '१९८९' निघाला तेव्हा पिचफर्कने त्याचा रिव्ह्यूच छापला नाही. वर्षभराने रायन अ‍ॅडम्स या गायकाने तीच गाणी त्याच क्रमाने गिटार घेऊन गायली, आणि त्या अल्बमचा रिव्ह्यू मात्र आला! मूळ अल्बमवर लिहायला २०१९ साल उजाडलं. गाणी तीच. बदलला होता गाणारा, आणि ती गाणी ऐकल्यावर आपण कोण ठरतो हे.

पुढे २०२० मध्ये टेलर स्विफ्टनेच 'फोकलोर' काढला, द नॅशनल या इंडी बँडच्या आरन डेसनरला सोबत घेऊन, आणि नाकं मुरडणाऱ्यांपैकी बरेच जण रातोरात रसिक झाले. तिचं गाणी बांधण्याचं कसब काय त्या एका वर्षात उगवलं होतं? पियानो मंद झाला, मुखपृष्ठावर धुकं आणि झाडं आली, आणि आवडण्याची परवानगी मिळाली.

हीच खोड उलट्या बाजूनेही दिसते. लिझ फेअर ही गायिका १९९३ पासून इंडीची लाडकी. २००३ मध्ये तिने सरळसरळ पॉप अल्बम केला तर पिचफर्कने त्याला ०.० दिले. शून्य पूर्णांक शून्य! २०२१ मध्ये त्यांनी आपले काही जुने गुण स्वतःच बदलले, तेव्हा त्याच अल्बमला ६.० मिळाले. अठरा वर्षांत अल्बमचा एक सूरही हलला नव्हता. ज्यांचा तो पोटापाण्याचा धंदा त्यांनीही आकडा मंडळींकडे पाहून ठरवला आणि नंतर खोडला. तुमचा खोडलेला आठ त्या मानाने फारच किरकोळ गुन्हा आहे.

तेव्हा आवड हलकी नाही. पण 'पॉप आवडतं म्हणजे मी मोकळ्या मनाची' असा उलटा तोराही मिरवू नका. २००४ मध्ये समीक्षक केलेफा सानेह यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की रॉकचे निकष सगळ्या संगीताला लावणं ही एक प्रकारची अढी आहे. त्यानंतर वारं इतकं फिरलं की आता काही कंपूंत प्रचंड खपाचा पॉप अल्बम कंटाळवाणा वाटला असं म्हणायची चोरी झाली आहे. मंडळी बदलली, धाक तोच.

यातून मला वापरायला एवढंच घ्यावंसं वाटतं, की प्रत्येक अल्बमला तो काय करू पाहतोय ते विचारून मगच पुढे जावं. पॉपमध्ये मेहनत लपवलेली असते. कोरस (गाण्याचं धृपद) सहज सुचल्यासारखा वाटावा यासाठी चार-पाच जणांनी एकेका अक्षरावर डोकेफोड केलेली असते, आणि तो सहज वाटला की आपण त्याला उथळ म्हणतो. म्हणजे काम फत्ते झालं त्याची शिक्षा! इंडीत उलट बऱ्याचदा ओरखडे दिसू दिले जातात. खरखर, सुराच्या जरा बाजूने जाणारा आवाज, खोलीचा घुमारा. ते कधी खरोखर गरजेपोटी आलेलं असतं, कधी तो प्रोड्यूसरने विचारपूर्वक केलेला साज असतो. 'खरंखुरं वाटतं' लिहिण्याआधी कशामुळे वाटतं ते शोधा.

आणि 'शब्द बाळबोध' बद्दल. कंट्रीत शब्द मुद्दाम साधे ठेवतात, कारण गाठ दुसरीकडे मारलेली असते. कोरसची ओळ पहिल्या कडव्यानंतर एक अर्थ सांगते, आणि तिसऱ्या कडव्यात मधे कोणी मेलेलं असतं किंवा सोडून गेलेलं असतं, त्यामुळे तीच ओळ, एक अक्षर न बदलता, भलतंच काही सांगून जाते. शब्द अवघड असते तर ही कलाटणी बसलीच नसती. तुमच्या किल्ली ठेवणाऱ्या बाईच्या गाण्यात असंच काही असणार. पुन्हा एकदा शब्द समोर ठेवून ऐका. दक्षिणेतल्या उच्चारांत शेवटची अक्षरं गिळली जातात, आणि कलाटणी नेमकी तिथेच दडलेली असते.

माझी कबुलीही देऊन टाकते. स्टील गिटारचा (तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवतात ती) तो ओघळणारा सूर सुरू झाला की मी वर्षानुवर्षं पुढचं गाणं लावायची. माझ्या लेखी ते वाद्य म्हणजे स्वस्तातलं रडणं. मग कधीतरी वाचलं की ती वाजवण्याची रीत हवाई बेटांवरून आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर तिची लाट आली होती. दक्षिणेतल्या वादकांनी ती उचलली आणि पुढे ती कंट्रीची ओळखच झाली. एवढ्याशा माहितीने कान बदलावेत हे जरा हास्यास्पद आहे, पण बदलले खरे. मी त्या वाद्याला रडणं समजायचं सोडलं आणि गायकाच्या पाठीमागे उभा राहून बोलणारा दुसरा आवाज म्हणून ऐकू लागले. त्यानंतर विली नेल्सन या कंट्री गायकाचा १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हाती लागला. तो इतका उघडावाघडा आहे की कंपनीच्या लोकांना तो पक्का अल्बम नसून कच्चं ध्वनिमुद्रण वाटलं होतं. मला पहिल्या वेळी तसंच वाटलं. तिसऱ्या वेळी वाटलं नाही.

तिसऱ्या वेळेचं महत्त्व मानसशास्त्राने जुनंच सांगून ठेवलंय. रॉबर्ट झायन्त्स (Zajonc) यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. हे दुधारी आहे. नवख्या प्रकाराला एका फेरीत नापास करणं अन्याय, आणि दिवसभर कानावर आदळणाऱ्या गाण्याला 'थोर' म्हणणंही घाईचं. म्हणून तुमच्या 'महिनाभर रोज' वरही मी थोडी शंका घेईन. तो अल्बम आठ-दहा दिवस बंद ठेवा. नंतर श्वासाची ती जागा पुन्हा हात थांबवते का, ते पाहा. बहुधा थांबवेल.

वही बंद करू नका, पण लिहिण्याची रीत बदला. हे तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल, कारण मतं लिहिणाऱ्या, सांगणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी याच ठिकाणी अडते.

पहिल्यांदा ऐकताना शफल बंद, फोन दूर, आणि रिव्ह्यू वाचायचा नाही. अल्बममध्ये क्रमालाही अर्थ असतो. १९४८ मध्ये एलपी (लाँग प्ले तबकडी) आली तेव्हा एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसायची, म्हणून पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आणि दुसरीचं पहिलं या दोन जागा फार विचाराने भरत. आज स्ट्रीमिंगवर बाजूच उरली नाही, आणि स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते, त्यामुळे गाणी लवकर मुद्द्यावर येतात आणि अल्बम वीस-बावीस गाण्यांचे होतात. 'लांबलाय' अशी तक्रार असेल तर कुठून लांबला ते लिहा. बाराव्या गाण्यानंतर की चौथ्यानंतरच?

नोंद करताना किमान एक जागा मिनिटासकट लिहा. 'सातवं गाणं, दोन मिनिटं दहा सेकंद, ड्रम्स थांबतात.' एवढी एक ओळ त्या 'तडजोड न करणाऱ्या आवाजा'पेक्षा शंभरपट तुमची आहे. ती कोणाला खोटी म्हणता येत नाही, आणि हसायचं तर ऐकून हसावं लागतं. ज्या नोंदीत अशी एकही जागा सापडत नाही ती लिहायची घाई करू नका. तो अल्बम अजून ऐकून व्हायचाय एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या ८.५ चं असंच झालं असावं.

आवड आणि दर्जा वेगवेगळे लिहा, ही माझी आणखी एक हौस. 'मला भिडला नाही, पण वाजवणारे अव्वल' आणि 'गाणी ओबडधोबड, पण मी सोडू शकत नाही' ही दोन्ही संपूर्ण, प्रामाणिक मतं आहेत. एकच आकडा त्यांना कोंबून एका पोत्यात भरतो. सहा म्हणजे नक्की काय? बरा पण कंटाळवाणा, की निम्मा अप्रतिम आणि निम्मा टाकाऊ? आकड्याची सवय सुटत नसेल तर शेजारी तारीख टाका, म्हणजे उद्या बदलला तरी तो कोलांटउडी वाटणार नाही.

शक्य असेल तर कोणाला तरी नाव न सांगता गाणी लावायला सांगा, तिन्ही प्रकारांतली मिसळून, आवाजाची पातळी सारखी ठेवून. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला उगाच सरस वाटतं, म्हणून हे शेवटचं विसरू नका. कुठे नेमकी भिंत आहे ते सांगता येतंय का, पाहा. कंट्री गायिका केसी मसग्रेव्ह्जच्या 'गोल्डन अवर'मध्ये बँजो आहे, यंत्रातून काढलेला आवाज आहे आणि एक गाणं चक्क डिस्कोच्या तालावर आहे. त्याला २०१९ च्या ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम म्हटलं गेलं. वॉक्साहॅची या नावाने गाणाऱ्या केटी क्रचफील्डने इंडीत नाव कमावलं आणि २०२० च्या 'सेंट क्लाउड'मध्ये ती कंट्रीकडे वळली. तुमच्या मंडळींना हा अल्बम आधी ऐकवा आणि 'कंट्री' हा शब्द नंतर उच्चारा. थोडा खट्याळपणा आहे, पण त्यांनी तुमच्या नऊवर हसण्याचं एवढं तरी उट्टं फेडायला हरकत नाही.

मंडळींना सोडा, असं मात्र मी सांगणार नाही. चांगले अल्बम बहुतेकदा अशाच आडमुठ्या लोकांकडून कळतात. फक्त वाचून दाखवण्याची वही निराळी करू नका. जे लिहिलंय तेच वाचा, पण आकडा न वाचता. 'नऊ' ऐकून लोक हसतात. 'दोन मिनिटं दहा सेकंदांवर काय होतं ते ऐका' म्हटलं तर बरेचसे ऐकतात. ऐकूनही हसले तर तेव्हा तुम्हीही हसा. मतभेद झाला, एवढंच.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. इथे मी तुमच्या बाजूने पूर्णपणे नाही. तुम्ही लिहिता, 'आता खरं ते बोलायचंच असं ठरवलं'. वर्षभर मंडळींसमोर गिळलेली सगळी मतं साठली होती आणि ती सगळी एका अल्बमवर फुटली, असं मला दिसतं. प्रामाणिकपणा दाखवायला तुम्ही नेमका तिचा अल्बम निवडलात. ज्यांची भीती वाटत होती त्यांच्या आवडीला चार देण्याची हिंमत झाली नाही, ती जिच्याशी सुरक्षित वाटत होतं तिच्यावर निघाली. प्रामाणिक म्हणजे कठोर, असं तुम्ही कुठेतरी धरून चालला आहात. तुमच्या खोडलेल्या आठावरची शाई काढणं हाही प्रामाणिकपणाच होता, आणि त्याने कोणी दुखावलं नसतं.

तुम्ही असंही सांगितलंय की तो अल्बम तिने तिच्या फार वाईट गेलेल्या वर्षात ऐकला होता. तुम्ही 'आवाज अशक्त, सगळी गाणी एकाच गतीची' असं लिहिलंत. त्या दोन्ही गोष्टी कदाचित खऱ्याही असतील. पण झोप न येणाऱ्या माणसाला अशक्त आवाज आणि एकच गती याच दोन गोष्टी हव्या असू शकतात. तुम्ही गुण अल्बमला दिले, तिला ते त्या वर्षाला दिल्यासारखे वाटले.

चारचे सात करू नका. तिला ते कळेल, आणि त्याने जास्त लागेल. तिला विचारा की तो अल्बम कोणत्या गाण्यापासून आवडू लागला. मत म्हणून विचारू नका, खरंच माहीत करून घ्यायला विचारा. मग दोघी मिळून तो एकदा ऐका, आणि ती बोलेपर्यंत तुम्ही काही बोलू नका. नंतर वहीत त्या चारच्या खाली तारीख टाकून नवी नोंद करा. तिने सांगितलेली जागा तिच्या नावाने लिहा, तुम्हाला सापडली तर तुमची त्याखाली. सापडली नाही, तर ओळ रिकामी सोडा. आणि कंट्रीच्या पानावरचा तो आठ मात्र आजच परत लिहा, शेजारी फिडलचं मिनिट टाकून.